परत गेलेला मिक्सर

ऑनलाइन घेतलेला मिक्सर परत पाठवला की त्याची दोन रूपे होतात. न्यायला आलेल्या मुलाच्या मोबाइलवर तो 'सुस्थितीत मिळाला' असतो. गोदामात मात्र त्याचे भांडे फुटलेले असते, नाहीतर खोक्यातून साबणाच्या वड्या निघतात. मधल्या प्रवासात काय घडले याच्याशी कंपनीला देणेघेणे नसते. संशय ग्राहकावर, हे आधीच ठरलेले. (लबाड ग्राहकही असतात, नाही असे नाही, त्यांचे प्रायश्चित्त बाकीच्यांनी घ्यायचे.) चॅटवरचा सहायक 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' असे म्हणतो आणि तक्रार 'सोडवली' असा शेरा मारून मोकळा होतो.

त्यामुळे खोके बंद करतानाचा, वस्तूचा अनुक्रमांक दिसेल असा व्हिडिओ आणि माल नेल्याची पोच जपून ठेवावी लागते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. यातली पोच बहुधा वेळेवर येते. तिला पैसे पडत नाहीत. पुढची पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथेही घोडे अडले तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या कायद्यामुळे कंपनीचे कार्यालय कुठेही असो, ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे.