कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या डिझायनरसाहेबांना खुले पत्र

डिझायनरसाहेब,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

तुम्ही आखलेला, खिशात मावणारा कॅमेरा घेऊन मी सोमवती अमावास्येला जेजुरीला गेलो होतो. तिथे भंडारा कसा उधळतात ते तुम्ही बघायला हवं होतं. हळदीची पूड इतकी बारीक की पायऱ्या, दीपमाळा, माणसांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर उघडले. गडावरच्या मोकळ्या आभाळात, उजव्या कोपऱ्याच्या जरा खाली, एक करडा डाग. मध्ये गडद, कडेला पुसट. पुढच्या फोटोत तिथेच. त्याच्या पुढच्यातही तिथेच.

‘लेन्स पुसून घ्या,’ असं तुमचा विक्रेता सांगतो. त्याला निदान एवढं तरी शिकवा, की पुढच्या काचेवरचा कण असा डाग पाडत नाही. तो फोकसच्या पार बाहेर असतो. फ्लॅश मारल्यावर उमटणारे पांढरे गोळे म्हणजे हवेतली धूळ. ते दर फोटोत जागा बदलतात. जागा न सोडणारा डाग सेन्सरवरचा, म्हणजे त्याच्यापुढच्या पातळ काचेवरचा. खात्री करायची तर अ‍ॅपर्चर लहानात लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. एफ/२ ला प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि कणाची सावली विरून जाते. एफ/११ ला किरण जवळजवळ समांतर येतात आणि तीच सावली ठसठशीत उमटते. म्हणजे निसर्गचित्र काढायला अ‍ॅपर्चर लहान करावं, तर तिथेच तुमची करणी उघडी पडते. त्यात एक इंची म्हणवणारा तुमचा सेन्सर जेमतेम १३.२ मिलिमीटर रुंद. ३६ मिलिमीटरच्या फुल फ्रेम सेन्सरच्या मानाने तोच कण चित्रात जवळपास पावणेतीन पट मोठा दिसतो.

आणि कण आत शिरतो तो तुमच्या लेन्सच्या नळीमुळे. कॅमेरा चालू केला की नळी बाहेर येते, आतली पोकळी वाढते आणि फटींमधून हवा ओढली जाते, सायकलच्या पंपासारखी. बंद केल्यावर हवा बाहेर जाते. कण आतच राहतो.

लेन्स निघणाऱ्या कॅमेऱ्याचा मालक लेन्स काढून ब्लोअर मारतो आणि मोकळा होतो. आम्हाला तुम्ही तो मार्गही ठेवला नाहीत. बारीक स्क्रू काढून कॅमेरा खोलावा, तर आत फ्लॅशचा कपॅसिटर, बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्टचा झटका देऊ शकणारा. शेवटी लोक लेन्सच्या तोंडाला घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावतात आणि झूम आत-बाहेर करत बसतात. कधी कण सुटतो, कधी आणखी एक येऊन बसतो. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर एकच: धूळ वॉरंटीत बसत नाही. नळी तुमची, फट तुमची आणि दोष मात्र गिऱ्हाइकाच्या वापराचा!

उपाय नव्हता असं म्हणू नका. २००२ साली मिनोल्टाने डिमाज एक्समध्ये प्रिझम बसवून प्रकाश काटकोनात वळवला. सगळा झूम अंगातल्या अंगात, नळी बाहेर येतच नव्हती. २००३ साली ऑलिंपसच्या ई-१ मध्ये सेन्सरपुढची काच अल्ट्रासोनिक कंपनांनी धूळ झटकू लागली. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर घडलं. तुम्ही मात्र मेगापिक्सेल वाढवत बसलात, म्हणजे तोच डाग आम्हाला आणखी स्वच्छ दिसावा!

‘सॉफ्टवेअरमध्ये काढून टाका’ हा सल्लाही पुरे. आभाळातला डाग हीलिंग ब्रशने झटक्यात जातो, मान्य. पण कॅमेरा उभा धरून काढलेल्या एका फोटोत तोच डाग दिमडी वाजवणाऱ्या एका वाघ्याच्या गालावर आलाय. गालाला सुरकुत्या, सुरकुत्यांत भंडारा साचलेला, दाढीच्या खुंटांवरही पिवळे कण. ब्रश फिरवला की शेजारच्या कातडीचा तुकडा उचलून तिथे चिकटवला जातो. सुरकुती मध्येच तुटते, हळद भलतीकडे सरकते. तो गाल मग त्या माणसाचा राहत नाही. मी तो फोटो तसाच ठेवलाय, डागासकट. त्या चेहऱ्यात ढवळाढवळ करायचा हक्क मला नाही, आणि ती करायची पाळी माझ्यावर आणायचा हक्क तुम्हालाही नव्हता.

पुढच्या मॉडेलमध्ये नळीच्या प्रत्येक सांध्याला रबरी रिंग द्या. सेन्सरपुढची काच कंपन पावेल असं करा. तेही जमत नसेल तर आम्हाला स्वतः उघडता येईल असं एक झाकण ठेवा आणि सेन्सरची सफाई वॉरंटीत घ्या. किंमत वाढेल म्हणाल. वाढवा, पण वाढलेले पैसे कशाचे ते खोक्यावर छापा.

आपला,
जेजुरीहून परतलेला एक गिऱ्हाईक