फोटो मुलाचा, तयारी आईची

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे बारावीत, गेलेल्या मुलाला 'सीनियर' म्हणतात आणि त्याच्या आईला 'सीनियर मॉम'. पहिली पदवी शाळा देते. दुसरी ती बाई स्वतःच घेते, टी-शर्टवर छापून घेते आणि गाडीच्या मागच्या काचेवर रंगवते. अकरावी संपून उन्हाळ्याची सुट्टी लागली की तिचा हंगाम सुरू होतो, आणि त्यातलं पहिलं मोठं कार्य म्हणजे 'सीनियर पोर्ट्रेट', शाळा सोडण्याआधी रीतसर काढून घ्यायचा फोटो. तो शाळेच्या ईयरबुकात छापला जातो. ईयरबुक म्हणजे आपल्या शाळांचं वार्षिकच, फक्त त्यात मुख्याध्यापकांचं मनोगत आणि सातवीतल्या मुलीची पावसावरची कविता यांच्या जागी चेहरे असतात. या फोटोसाठी चाललेली धावपळ पाहून जाणती माणसं 'हल्लीच्या पोरांना नटण्याचं फार वेड' असा शेरा मारतात. शेरा चुकीच्या पत्त्यावर गेला आहे. ज्याचा फोटो काढायचा असतो तो या सगळ्या उठाठेवीतला सर्वांत निरुत्साही माणूस असतो. सीनियर पोर्ट्रेट हा आईचा कार्यक्रम आहे. मुलाने तिथे हजर राहायचं असतं, इतकंच.

तयारीचा तपशीलच बघा. दातांवरच्या तारा कधी निघणार हे विचारून फोटोची तारीख ठरते, आणि तारा वेळेत निघत नसतील तर दंतवैद्याच्या मागे लागणं सुरू होतं. केस आदल्या दिवशी कापायचे नाहीत. दहा-पंधरा दिवस आधी कापायचे, म्हणजे ते कापल्याचं कळणार नाही. पैसे मोजून केस कापून घ्यायचे आणि मग कापल्याची खूण पुसली जाण्याची वाट बघत बसायचं, ही कल्पना सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यातून निघणं शक्य नाही. सुट्टीत पोहण्याच्या तलावावर लाइफगार्डची नोकरी करणाऱ्या मुलीच्या खांद्यांवर उन्हाचे पट्टे उठू नयेत म्हणून सनस्क्रीनची बाटली तिच्या पिशवीत न विचारता पडते. नवी क्रीम, नवा फेसवॉश बंद. पुरळ उठलं तर? चष्मा असेल तर काचेवर दिव्याची तिरीप येते, म्हणून चष्मेवाल्याकडून फ्रेमच्या काचा काढून आणतात. मग मुलाला कॅमेरा धड दिसत नाही आणि तो शेजारच्या झाडाकडे बघून प्रेमाने हसतो. कपडे एकरंगी, छातीवर मोठी अक्षरं नसलेले, कडक इस्त्रीचे आणि गाडीत हँगरवर टांगलेले. मागे बसलेल्या धाकट्या भावाचा सगळा प्रवास त्या बाह्यांच्या पडद्याआड होतो.

शिवाय सामान असतं. मुलगा फुटबॉल खेळत असेल तर हेल्मेट, मुलगी चेलो वाजवत असेल तर चेलो, शेतकऱ्याच्या घरचं मूल असेल तर ट्रॅक्टर. काही भागांत बंदूकही येते. न्यू हॅम्पशायरमधल्या एका नेमबाज मुलाने २००४ मध्ये बंदूक घेऊन काढलेला फोटो दिला, सीनियरांच्या पानावर तो छापायला नकार मिळाला, प्रकरण फेडरल न्यायालयात गेलं आणि मुलगा हरला. नेब्रास्कातल्या ब्रोकन बो गावच्या शाळा मंडळाने मात्र २०१४ मध्ये, फोटो अभिरुचीला धरून असेल तर बंदूक चालेल, असा ठराव केला. रेल्वे रुळांवर उभं राहून फोटो काढण्याची तर इतकी चाल पडली की 'ऑपरेशन लाइफसेव्हर' ही रेल्वे-सुरक्षेचं काम करणारी संस्था लोकांना बजावत असते: रूळ ही खासगी मालमत्ता आहे, तिथे शिरणं बेकायदा आहे आणि तिथून गाडी जाते. रोज रूळ ओलांडणाऱ्या मुंबईकराला त्या जागेत काव्य कुठे आहे हे कळणार नाही, पण दूर जाणारे रूळ म्हणजे पुढचं आयुष्य, अशी या फोटोंची समजूत असते. ही समजूतही सतरा वर्षांच्या मुलाची वाटत नाही.

आता खरी गंमत. अनेक शाळांत ईयरबुकातल्या फोटोला घरचे कपडे चालतच नाहीत. मुलींना खांद्यांवरून गुंडाळायचं काळं मखमली ड्रेप आणि मुलांना टक्सिडोचा पुढचा भाग स्टुडिओच देतो. तो मागून बंद करायचा, खाली हाफ पँट असली तरी कुणाला दिसत नाही. एकामागून एक सगळी मुलं त्याच कोटातून जातात, आणि छापून आलेला चेहरा जेमतेम दोन बोटं रुंद असतो. म्हणजे ही तयारी ईयरबुकासाठी असती तर पाच मिनिटांत आटोपली असती. मग शेतातले, विटांच्या भिंतीपुढचे, सूर्यास्ताच्या सोनेरी उजेडातले बाकीचे फोटो जातात कुठे? दिवाणखान्याच्या भिंतीवर, आजीच्या फ्रिजवर, नाताळच्या कार्डावर, पाकिटात मावणाऱ्या अडीच बाय साडेतीन इंचांच्या प्रतींतून मावश्या-आत्यांकडे, आणि शाळा संपताना होणाऱ्या ग्रॅज्युएशन पार्टीच्या टेबलावर. बालवाडीपासूनचे फोटो, पदकं, प्रशस्तिपत्रकं आणि मधोमध हा थोरला फोटो, अशी जी मांडामांड तिथे होते ती पाहून आपल्या माणसाला रुखवत आठवावं. रुखवत कोण मांडतं हे मराठी वाचकाला सांगायला नको.

हसण्याचंही तेच. बर्कली विद्यापीठातल्या संशोधकांनी १९०५ ते २०१३ या काळातले अमेरिकन हायस्कूल ईयरबुकांमधले ३७,९२१ चेहरे संगणकाकडून तपासून घेतले. सुरुवातीची मुलं ओठ मिटून गंभीर बसलेली आहेत; पुढे दशकागणिक हसू वाढत गेलं आहे आणि मुलींचं मुलांपेक्षा जास्त आहे. संशोधकांनी याचं श्रेय आईला दिलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून 'हस ना, असं नाही, खरं हस' म्हणणारी बाई फोटोत येत नाही, त्यामुळे संगणकाला तिची मोजदाद करता आली नसावी. त्याच बर्कलीतून २००१ मध्ये आणखी एक अभ्यास आला. मिल्स कॉलेजच्या १९५८ आणि १९६० च्या ईयरबुकांत ज्या मुली मनापासून हसल्या होत्या त्या पुढे संसारात जास्त समाधानी दिसल्या, असं त्यात निघालं. हा अभ्यास सीनियर मॉमच्या हाती लागू नये. 'खरं हस'ला संसाराची पुरवणी जोडली जाईल.

यावर पहिला आक्षेप येतो तो बाजाराच्या अभ्यासकांचा. आईचं काय घेऊन बसलात, हा सगळा स्टुडिओवाल्यांचा धंदा आहे, असं ते म्हणतात. धंदा आहेच, आणि जुना आहे. १८६० च्या दशकात बोस्टनजवळचा जॉर्ज वॉरन हा फोटोग्राफर हार्वर्ड-येलसारख्या कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचे फोटो काढत असे. मुलं ते आपसांत वाटून त्यांचे अल्बम बांधून घेत. १९३६ मध्ये मिनेसोटात शाळांचे फोटो काढणारी कंपनी निघाली, तीच पुढे 'लाइफटच' या नावाने देशभर पसरली. बसण्याची फी वेगळी, प्रतींची वेगळी, आणि पॅकेजची रचना अशी की आवडलेला फोटो नेहमी एक पायरी वरच्या पॅकेजात सापडावा. हे सगळं मान्य. पण धंद्याने फोटोची किंमत कळते, ओढ कळत नाही. नुसता धंदाच असता तर मोबाइल आल्याबरोबर तो बसायला हवा होता. प्रत्येक सीनियरच्या फोनमध्ये स्वतःचे हजारो फोटो पडलेले असतात. अडचण एवढीच की ते त्याने निवडलेले असतात, आणि त्यांत तो जीभ बाहेर काढून असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलांना या फोटोचं काहीच पडलेलं नसतं, हे म्हणणं खरं नाही. मिसिसिपीतल्या एका मुलीने २००९ मध्ये ड्रेपऐवजी टक्सिडो घालून फोटो काढला, शाळेने तो ईयरबुकात घेतला नाही, खटला झाला, आणि २०११ मध्ये तडजोड निघाली ती अशी की यापुढे सगळ्यांनीच पदवीदानाचा झगा आणि टोपी घालावी. फ्लोरिडातल्या एका शाळेने २०२१ मध्ये ८० मुलींचे फोटो संगणकावर झाकून, गळे वर ओढून छापले आणि मुली संतापल्या. म्हणजे मुलांचा जीव या फोटोत असतो. पण तो कशात असतो ते पाहा: मी जशी आहे तशी दिसू द्या, यात. इस्त्री, मोजे आणि झाडाकडे बघून हसणं यांसाठी कुठलाही विद्यार्थी न्यायालयात गेल्याचं ऐकिवात नाही. फ्लोरिडात मुलींच्या बरोबरीने आयाही चिडल्या होत्या. ते बारीकसारीक खोडकाम त्यांना विचारल्याशिवाय झालं होतं.

आईचा हा उत्साह वेळापत्रकाशी ताडून पाहिला की उलगडतो. कॉलेजप्रवेशाचा सामाईक अर्ज 'कॉमन अ‍ॅप' १ ऑगस्टला उघडतो. त्यातला ६५० शब्दांचा निबंध मुलाने स्वतः लिहायचा, शिफारसपत्रं शिक्षकांनी गुप्तपणे धाडायची, निर्णय परक्या गावातली समिती घेणार. गाडी मुलगा स्वतः चालवतो, दार लावून फोनवर कुणाशी बोलतो हे विचारायची सोय नाही. त्या अख्ख्या वर्षात आईच्या कष्टाचं फळ तिच्या डोळ्यांसमोर दिसेल अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे शर्टाची इस्त्री. ती जीव ओतून करते यात नवल काय? ओहायोतली बाई असो की न्यू जर्सीतल्या एडिसनची मराठी आई, हिशोब एकच.

मराठी आईच्या बाबतीत थोडी भर पडते. तिचा स्वतःचा बारावीचा फोटो बोर्डाच्या फॉर्मवर चिकटवलेला, पासपोर्ट आकाराचा. 'हनुवटी खाली' यापलीकडे तिला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि हसायला तर नाहीच. ती या प्रथेत उशिरा आली, पण नवख्या माणसाच्या निष्ठेने आली. त्यात मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचं पहिलं जाहीर सादरीकरण, झालेलं असेल तर फोटोग्राफरशी घासाघीस करण्याचा तिला अनुभव असतो. पैठणीतला एक फोटो हवाच, मग मागे मक्याचं शेत का असेना. पुण्यात बसलेल्या आजीला तो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो आणि तिचं उत्तर येतं: 'वाळली गं पोर.' अख्ख्या तयारीवर एवढाच अभिप्राय.

बाबांचा उल्लेख राहिला. ते हँगर धरतात.

शेवटचा पुरावा खोडकामाचा. प्रूफ आली की स्टुडिओ विचारतो, काय काय पुसायचं? मुलं म्हणतात, सगळंच. आई मुरुम पुसायला सांगते, आणि तीनचाकी सायकलवरून पडल्याची हनुवटीवरची खूण तशीच ठेवायला सांगते. मग निवड. मुलाला गंभीर फोटो आवडतो, आईला हसरा. दोघंही हटत नाहीत, आणि तेवढ्यात ती दोन्ही फोटो नातेवाइकांना पाठवून मत मागते. तो मेसेज तुम्हाला आला तर कृपा करून 'दोन्ही छान' असं लिहू नका. एक निवडा, आणि तो हसरा निवडा. दोन्ही छान ठरले की दोन्ही घ्यावे लागतात, आणि ते एक पायरी वरच्या पॅकेजात असतात.