टाकी फुल ते टाकी फुल

आमच्या साडूंनी गाडीला नवे टायर टाकले आणि गुहागरला जायचं ठरलं. व्याडेश्वराचं दर्शन, समुद्र आणि परतताना आंबे ही कारणं बायकांसाठी होती. मला त्यांनी फोनवर आवाज खाली आणून खरं कारण सांगितलं, "हायवे, घाट, खराब रस्ता, सगळं एका ट्रिपमध्ये मिळतं. ॲव्हरेज नीट निघेल."

साडूंना ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. नात्यातल्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तरी मुलाचा पगार विचारायच्या आधी ते त्याची गाडी ॲव्हरेज किती देते ते विचारतात. माणूस त्यावरून कळतो म्हणे. त्यांच्या गाडीच्या खणात विम्याच्या कागदांवर एक वही असते. तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज आणि शेवटी 'शेरा'. 'एसी चालू', 'सिंहगड रोड, ट्रॅफिक' अशा शेऱ्यांच्या मधोमध 'सासूबाई सोबत' अशीही एक नोंद मी वाचली आहे. सासूबाई आमच्या दोघांच्या सामाईक असल्यामुळे ती वही कोणाच्या हाती लागू नये याची काळजी मलाही घ्यावी लागते.

टायर साधे नव्हते, इंधन वाचवणारे होते. लिटरमागे दोन किलोमीटर वाढतील असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला होता आणि साडूंनी ते बिलाच्या मागे लिहून घेतलं होतं. निघायच्या दिवशी पहाटे आम्ही पोहोचलो तेव्हा ते मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. "हे बघा, चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. माल ताजा आहे." मी वाकून ताजा माल बघितला. साडूंच्या बायकोने, म्हणजे ताईंनी, मागच्या सीटवरून हाक मारली, "अहो, वास घेऊन झाला असेल तर निघू या का?"

पहिला मुक्काम पेट्रोल पंप. अजून पुण्याची हद्द सुटायची होती.

ॲव्हरेज काढायची साडूंची पद्धत जुनी आणि कर्मठ आहे. टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि जितकं पेट्रोल बसेल त्याने किलोमीटरला भागायचं. डॅशबोर्डवर गाडी स्वतःच आपलं ॲव्हरेज दाखवते, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही. आरोपीने स्वतःच पंचनामा करायचा नसतो, असं त्यांचं मत आहे. पंपावरच्या पोराची नळी खट्टकन बंद पडली. "झालं साहेब, कट झालं." साडू खाली उतरले. "अजून बसतं." दोन्ही हात मागच्या काचेशेजारी टेकवून त्यांनी गाडी डावी-उजवी हलवायला सुरुवात केली, टाकीतली हवा निघावी म्हणून. आत ताई, माझी बायको आणि साडूंची मुलगी एका लयीत डुलत होत्या. पुन्हा खट्ट. पुन्हा डुलणं. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मग मान बाहेर काढून बघितलं आणि धक्का मारायचा असेल अशा समजुतीने तो मदतीला आला. पहिल्या खट्टला थांबा असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ते पुस्तक वहीच्या खाली असतं.

हायवेला लागल्यावर साडूंनी काटा साठवर नेऊन ठेवला आणि तिथेच पाळला. खंबाटकीचा बोगदा तेव्हा साताऱ्याकडून पुण्याला येणाऱ्यांसाठी होता, जाणाऱ्याला घाटच चढावा लागायचा. तो चढताना उसाची रिकामी ट्रॉली आमच्या पुढे गेली. एसी बंद, खिडक्या बंद. उघड्या खिडकीने हवा अडते, असं साडूंनी कुठेतरी वाचलं होतं. पदराने वारा घेत बायको म्हणाली, "भाऊजी, पेट्रोलचे पैसे आम्ही देतो, पण जीव गुदमरतोय हो." साडू म्हणाले, "पैशाचा प्रश्नच नाही." आणि ते खरंच होतं. प्रश्न पैशाचा असता तर कधीच सुटला असता.

साडूंची मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. या टायरांत असं काय वेगळं असतं, हे तिने मला साताऱ्यापर्यंत समजावून सांगितलं. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे सरकला की पुन्हा गोल होतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात रबर कणकेसारखं मळलं जातं आणि त्या मळण्यात गेलेली शक्ती नुसती उष्णता होऊन उडून जाते. टायर काळा असतो तो रबरात घातलेल्या कार्बन ब्लॅक नावाच्या काजळीमुळे. त्यातल्या बऱ्याचशा काजळीच्या जागी सिलिका घातली की रबर मळताना कमी तापतं आणि तरी ओल्या रस्त्यावरची पकड सुटत नाही. मिशलिनने १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर लेबल सक्तीचं झालं. त्यावर इंधनाची बचत, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज अशा तीन गोष्टी छापतात. आपल्याकडेही ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने फ्रीजवर असतात तसे तारे टायरांसाठी सुरू केले आहेत.

"म्हणजे दोन किलोमीटर वाढणार ना?" पुढून प्रश्न आला.

"बाबा, टायरचा अडथळा दहा टक्क्यांनी कमी झाला तर पेट्रोल एक ते दोन टक्के वाचतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ मध्येच सांगून ठेवलंय. अठराचे वीस व्हायला अकरा टक्के लागतील."

"अमेरिकेचे रस्ते वेगळे," साडू म्हणाले. हे मात्र कोणालाच खोडता आलं नाही.

उंब्रजला आम्ही पाटणकडे वळलो. त्यामुळे तासवड्याचा टोलनाका टळतो. ही बचत वहीत बसत नसली तरी साडू खुलले आणि त्या आनंदात हवा तपासायला थांबले. टिनाचं शेड, बाहेर टांगलेला जुना टायर, त्यावर चुन्याने लिहिलेलं 'हवा'. पंक्चरवाल्याने नळी लावली. आकडा छत्तीस. साडूंना दारावरच्या स्टिकरप्रमाणे तेहतीस हवी होती. "तीन सोडा."

पंक्चरवाला जागचा हलला नाही. "साहेब, पुण्यास्नं पळत आलाय टायर. गरम हाय. आत्ता सोडली तर सकाळी तिशीवर दिसंल, मग मलाच शिव्या द्याल." मग आत डोकावून त्याने मागच्या सीटवरच्या तिघींकडे आणि पायाशी ठेवलेल्या डब्यांकडे पाहिलं. "वर लोड बी हाय."

अख्ख्या प्रवासातलं सर्वांत उपयोगाचं बोलणं हेच. हवा गार चाकात मोजायची, सकाळी, निघायच्या आधी. चारी चाकांत हवेचा एक-एक आकडा कमी झाला की साधारण ०.२ टक्का पेट्रोल जास्त जातं. पाच आकडे कमी, तर एक टक्का. महागाचा टायर जेवढं वाचवतो त्यातलं निम्मं कधी कधी हवेच्या आळसातच जातं. हवा भरायचे दहा रुपये वाचवणाऱ्यांचा हिशेब मला अजून कळलेला नाही. नायट्रोजन भरणाऱ्यांविषयी तर मी बोलतच नाही. आपल्या साध्या हवेत तो ७८ टक्के फुकट असतो.

कोयनानगर मागे पडलं, हेळवाक गेलं आणि कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर पोहोचेपर्यंत दुपार कलली. आमच्या वेगाने दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. समोर कोकण काळंभोर झालं होतं. मे महिन्यातला वळीव. पहिले टपोरे थेंब पडले तसे साडूंनी गाडी न्यूट्रलला टाकली.

"बाबा, गिअर."

"उतार आहे. पेट्रोल कशाला जाळायचं?"

"गिअरमध्ये ठेवून पाय काढला की इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला उलट लागतं. तुम्ही जास्त जाळताय."

साडूंनी आयुष्यभर प्रत्येक घाट न्यूट्रलला उतरला होता. खंडाळा, वरंध, आंबोली, सगळे. चेहऱ्यावरून दिसत होतं की ते मनातल्या मनात तेवढे घाट पुन्हा चढून गेले. मग त्यांनी मुकाट्याने तिसरा टाकला.

बरं झालं टाकला. पुढच्या वळणावर खालून एसटी आली, रस्त्याचा आपला अर्धा आणि आमच्या अर्ध्यातला थोडा व्यापून. महिनोन्महिने साचलेली धूळ आणि तेल, त्यावर पहिला पाऊस. कोकणात जाणाऱ्याला विचारा, असा रस्ता भर आषाढातल्यापेक्षा जास्त निसरडा असतो. साडूंनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, न वाकडी होता, न घसरता थांबली. एसटीच्या ड्रायव्हरने हात वर केला आणि निघून गेला. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ताई म्हणाल्या, "टायर चांगले आहेत हो." दुकानातल्या बिलापासून त्या टायरांना मिळालेलं हे पहिलं कौतुक, आणि तेही पेट्रोलचं नाव न काढता.

चिपळूणच्या पंपावर पुन्हा टाकी फुल, पुन्हा डुलणं. भागाकार झाला. सतरा पूर्णांक आठ. साडूंनी तो दोनदा केला, मग माझ्या मोबाइलवर करून बघितला, कारण त्यांचा मोबाइल चुकत असावा. मागच्या वर्षी याच रस्त्याने, जुन्या गुळगुळीत टायरांवर, अठरा पूर्णांक एक पडलं होतं. वही साक्षीला होती. इंधन वाचवणारे टायर टाकून ॲव्हरेज कमी झालं होतं.

गुहागरला रात्री माशाच्या ताटावर मुलीने कागद मागितला. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल, झिजलेल्याची दोन. म्हणजे झिजलेलं चाक सहा मिलिमीटरने बुटकं. आपल्या चाकाची त्रिज्या ३११ मिलिमीटर. लहान चाक तेवढ्याच रस्त्यात जास्त फेरे घेतं आणि किलोमीटरचा काटा फेरेच मोजतो. खरं अंतर अठ्ठ्याण्णव, काटा दाखवणार शंभर. शिवाय झिजलेल्या टायरात मळायला रबरच कमी, त्यामुळे तो खरोखरही हलका फिरतो. "थोडक्यात, बाबा, तुमच्या वहीप्रमाणे सर्वांत चांगला टायर म्हणजे टक्कल पडलेला टायर. फक्त तो आज दुपारी थांबला नसता."

साडूंनी सुरमईचा काटा बाजूला ठेवला. "म्हणजे मागची सगळी नोंद दोन टक्क्यांनी खोटी?"

"हळूहळू खोटी होत गेलेली."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं ताईंनी सकाळी सांगितलं.

परतीचा तपशील थोडक्यात. आंब्याच्या पेट्या, दोन फणस, आगळाच्या बाटल्या आणि 'पुण्यात मिळत नाहीत' म्हणून घेतलेले शहाळी-नारळ. मागचे टायर बसलेले बघून साडू गप्प होते. कुंभार्ली चढताना मुलीने आणखी एक हिशेब सांगितला. बाराशे किलोची गाडी सपाट रस्त्यावर ढकलायला टायरच्या अडथळ्यापोटी साधारण बारा किलोचा जोर लागतो. चांगल्या टायरला दहा पुरतो. पण वीस फुटांना एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर तीच गाडी वर न्यायला आणखी साठ किलो लागतात, आणि फणसाचं वजन निराळं. टायर दोन किलोसाठी झटत असतो तेव्हा आपण डिकीत काय भरतोय ते बघावं. हे शेवटचं वाक्य ताईंना उद्देशून नव्हतं, पण त्यांनी ते लावून घेतलं आणि खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत एसी चालू राहिला.

आता विचाराल तर माझं मत सांगतो. हे टायर घ्यावेत. वर्षाला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या, लिटरला अठरा देणाऱ्या गाडीचं तीन टक्के पेट्रोल वाचलं तर सोळा-सतरा लिटर होतात. शंभरी ओलांडलेल्या भावात ते सोडण्यासारखे नाहीत. पण ते वहीत दिसतील अशी आशा धरू नका, आणि दुकानात इंधनाचे तारे मोजायच्या आधी ओल्या रस्त्यावरची पकड विचारा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की, ॲव्हरेज कितीही सुंदर दिसत असलं तरी, टायर काढा. दर पंधरवड्याला गार चाकांची हवा बघा. स्टेपनीचीसुद्धा. आमचे साडू तिची बघत नाहीत. ती फिरत नाही, तेव्हा ॲव्हरेजला लागत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.