दिवस-रात्रीची वाटणी

लहान मुलांना खगोलशास्त्र शिकवायचं तर वाटणीच्या भाषेत शिकवावं. आमचा थोरला नातू आठ वर्षांचा, धाकटी नात साडेपाचची. एकाने बर्फी कापायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची, हा कायदा दोघांना पाढ्यांच्या आधी पाठ झाला. म्हणून २३ सप्टेंबरला मी सांगितलं, "आज विषुवदिन. बारा तास दिवसाला, बारा तास रात्रीला. अशी सारखी वाटणी वर्षातून दोनदाच, मार्चमध्ये नि आज."

थोरल्याने लगेच आईच्या मोबाइलवर पुण्याचा सूर्योदय-सूर्यास्त काढला, बोटांवर हिशेब केला आणि ओरडला, "आजी, दिवसाला सात मिनिटं जास्त दिलीत!"

बरोबरच होतं त्याचं. सूर्याची वरची कड डोकावली की सूर्योदय धरतात, आणि तीच कड बुडेपर्यंत सूर्यास्त होत नाही. शिवाय हवेत किरण वाकतात, त्यामुळे क्षितिजाखालचा सूर्यही वर आलेला दिसतो. हे ऐकून धाकटी म्हणाली, "म्हणजे दिवस आधीच हात घालतो आणि सगळे उठले तरी खातच बसतो."

"पण आता तो लहान होत जाणार," मी म्हटलं. "डिसेंबरात पुण्याला जेमतेम ११ तासांचा दिवस."

"मग उरलेलं ऊन कोणाला?"

मोसंब्यात विणायची सुई खुपसली. यांच्या हातात टॉर्च देऊन यांना सूर्य केलं; निवृत्त माणसाला काहीतरी पद हवंच. सुई २३.५ अंशांच्या अंदाजाने तिरकी धरून मोसंबं यांच्याभोवती फिरवलं. "हे बघा, आता खालची बाजू उजेडाकडे झुकली. ऑस्ट्रेलियात वसंत सुरू."

"वर्ल्ड कप पण त्यांनाच आणि ऊन पण त्यांनाच!" थोरला कळवळला.

इतक्यात सूर्य बोलला, "आणि हिवाळ्यात पृथ्वी माझ्यापासून लांब जाते, म्हणून थंडी."

"मुलांना भलतंसलतं सांगू नका. जानेवारीच्या सुरुवातीला ती सगळ्यांत जवळ असते, जुलैपेक्षा ५० लाख किलोमीटरनी. किरण तिरपे पडतात आणि दिवस आखूड असतो, म्हणून थंडी."

सूर्याने टॉर्च विझवला आणि तो पेपर वाचायला निघून गेला.

पण धडा मुलांना पक्का समजला होता. रात्री नऊला थोरला म्हणाला, "आज दिवस सात मिनिटं मोठा, मी नऊ सातला झोपणार." सकाळी धाकटीने पांघरूण डोक्यावर ओढलं. रात्रीची बुडालेली सात मिनिटं तिला वसूल करायची होती. स्कूलबसवाल्या काकांचा या वाटणीशी काही संबंध नव्हता. त्यांनी रोजच्या वेळेला हॉर्न वाजवला.