पुण्याहून बदलून आलेल्या सहकाऱ्यास अनावृत पत्र

रा. रा. पुणेकर साहेब यांस,

स. न. वि. वि.

ग्वाल्हेरच्या कचेरीत आपण रुजू झालात, आनंद झाला. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "चहा पिऊन घ्या, बाहेर पाणी पडतंय." आपण थबकलात, चेहऱ्यावर करुणा आणलीत आणि उत्तर हिंदीत दिलंत. वर शाबासकीही दिलीत: "आपका मराठी बहुत अच्छा है।" (आपकी, साहेब. पण आम्ही कुणाच्या चुका काढत नाही.)

आम्ही मागच्या आठवड्यात इथे आलो नाही. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास किल्ल्याखाली तळ दिला, तो उठलाच नाही. त्या छावणीचंच लष्कर नावाचं शहर झालं. तेव्हापासून आम्ही उंबऱ्याबाहेर हिंदी आणि आत मराठी बोलत आलो. इतक्या काळात दोघींनी एकमेकींकडून थोडं उसनं घेतलं असेल, तर तो कोणत्या कलमाखाली गुन्हा होतो ते कळवावं. भा. रा. तांबे इथलेच राजकवी. साहित्य संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, मिळाली ती 1961 साली, याच गावात. श्योपूरला जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहीत, त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत. नशिबाने त्या घरात आपण पाहुणे नव्हतात. आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरची गायकी शिकले ती इथल्या वासुदेवबुवा जोशींकडे. ती गायकी महाराष्ट्रात नेताना आमच्या बोलण्याची अडचण कुणाला झाली नव्हती.

आता आपल्या शेजारच्या टेबलावरचे भिंडचे पंडितजी पाहा. रोज सकाळी मला विचारतात, "कसा काय भाऊसाहेब, बरा आहे का?" माझ्या बायकोलाही हेच विचारतात, लिंगभेद न करता. मी मराठीत उत्तर देतो. तिसऱ्या वाक्याला त्यांचा साठा संपतो, मग आम्ही दोघं हिंदीत येतो. पंडितजी मराठीचे कार्यक्रम करून दाखवत नाहीत, मी त्यांची परीक्षा घेत नाही. आपल्याकडे मात्र मराठीचा साठा अमाप, आणि माझ्यासाठी त्यातलं एक वाक्य काढवत नाही. ही काटकसर पुण्यात शिकवतात असं ऐकून होतो. भाषेलाही लागू असेल याची कल्पना नव्हती.

हिंदीचा सराव करायचा असेल तर तसं मोकळेपणी सांगा, हरकत नाही. नाहीतर महाराज बाड्यावर जाऊन टेंपोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घाला. तो आपलं लिंग-वचन तिथल्या तिथे दुरुस्त करील, आणि शाबासकी मुळीच देणार नाही.

उद्या जेवणाच्या सुट्टीत मी "जेवण झालं?" असं विचारणार आहे. उत्तर मराठीत आलं तर नया बाजारातले बहादुराचे लाडू माझ्याकडून. हिंदीत आलं तर तेच लाडू, पण पैसे आपले.

कळावे, लोभ असावा.

जन्माने, शाळेने आणि रेशनकार्डाने,
एक ग्वाल्हेरकर