सातवा आकडा

१५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी, शिवाय संस्कृतचे कवी आणि नाटककार. एकाच नावाची गावं, नाना भाषा आणि देवालाही न लागणारी अक्षरं, या घोळातून त्यांनी सहा आकड्यांत वाट काढली. सुरुवातीला ४ दिसला की महाराष्ट्राकडचा टापू, ४११०३८ दिसलं की कोथरूड. पत्र बिनबोभाट दारात यायचं. दार उघडायला कोणीतरी असेल, हे मात्र गृहीत धरलेलं होतं. १९७२ साली त्यात काहीच वावगं नव्हतं. तेव्हा घरोघरी आजी होत्या.

मनीऑर्डर असो, व्हीपी असो की रजिस्टर, सही आजीची. सही येत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि मग तो अंगठा पदराला पुसून पोस्टमनला, "बसा हो, पाणी घ्या," असा आग्रह. या यंत्रणेला वीज लागत नव्हती आणि तिची बॅटरीही उतरत नव्हती. आता आमच्या घरातली आजी, म्हणजे माझी आई, सकाळी हास्यक्लबात असते, दुपारी भिशीला आणि संध्याकाळी भजनी मंडळात. उरलेल्या वेळात ती अष्टविनायकाला गेलेली असते. आम्ही दोघं ऑफिसात. मुलगा घरी असतो, पण कानात बोंडं घालून. त्यामुळे तो घरी आहे असं कायद्याने म्हणता येत नाही.

अशा घरी पार्सल येतं. साहेब टार्गेटवर बोलत असतात आणि माझा फोन थरथरतो.

"सर, पार्सल आहे. घरी कोण आहे का?"

"नाही हो. सातनंतर या ना."

"सातला आमचं बंद होतं सर. शेजारी देऊ?"

"शेजारी कुलूप आहे."

"वॉचमनकडे?"

"तो घेत नाही."

"बरं. मग ओटीपी तरी सांगा."

वस्तू कुठे ठेवायची हे ठरलेलं नसताना ओटीपी कशासाठी, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही. संध्याकाळी मोबाइलवर निरोप येतो : आम्ही प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हता. हे वाचून आपणच कुठेतरी फरार आहोत असं वाटायला लागतं.

यातूनच मला धंद्याची कल्पना सुचली. वेलणकरांच्या सहा आकड्यांना सातवा आकडा जोडायचा, वेळेचा. माल भलेही कुठूनही मागवा, तो आधी आमच्या गोदामात येणार आणि तुम्ही सांगाल त्याच तासाला घरी पोचणार. १ म्हणजे दूधवाल्याची वेळ, ४ म्हणजे वामकुक्षीनंतर, ७ म्हणजे माणसं कामावरून परतल्यावर. पार्सलमागे वीस रुपये जास्त. कोण नाही म्हणेल?

पहिली चाचणी घरातच घेतली. "तुझा सातवा आकडा कोणता?" असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, "साडेसात ते आठ सोडून. तेव्हा कुकर लावायचा असतो. आठ ते साडेआठ जेवणं. नंतर ओटा आवरायचा. नऊला ये म्हणावं, पण बेल वाजवू नको म्हणावं." चिरंजीव म्हणाले, रात्री एक वाजता. आईने कालनिर्णय काढलं आणि, "राहुकाळात काही आणू नकोस," एवढंच म्हणाली.

आईचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ठरल्या वेळी माल घरी आणायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. फ्रिज पाडव्यालाच येतो, स्कूटर दसऱ्यालाच. दुकानदार आठ दिवस आधी पैसे घेतो, त्या दिवशी टेम्पो पाठवतो आणि टेम्पोवाल्याला पेढाही मिळतो. मी तर उलट हुरूप येऊन दर शुक्रवारी साडेदहा ते बारा गाड्या बंद ठेवायचं कागदावर मांडून टाकलं.

मग भाचा आला. तो एमबीए आहे, त्यामुळे कोणत्याही धंद्यातला तोटा त्याला लांबून दिसतो.

"मामा, डिलिव्हरीवाला स्वस्तात कसा येतो? त्याला वेळेचं बंधन नाही म्हणून. एका फेरीत तुमच्या बिल्डिंगमधली सगळी पार्सलं उरकून तो पुढच्या गल्लीत जातो. तुम्ही वेळ दिलीत की तो पहिल्या मजल्यासाठी चारला येणार, तिसऱ्यासाठी सहाला आणि तुमच्यासाठी नऊला. पेट्रोल तिप्पट, पगार तिप्पट, पार्सलं तेवढीच."

"लोक वीस रुपये देतील ना!"

"दोनशेच्या खरेदीवर डिलिव्हरी फुकट पडावी म्हणून मामीने परवा नको असलेला साबण घेतला. ती वीस रुपये देईल?"

मामी ओट्यापाशी होती. ती काही बोलली नाही. घरात साबण नऊ होते.

भाच्याने मग अमेरिकेतल्या वेबव्हॅनची कुंडली मांडली. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास त्यांनी घरपोच वाणसामान सुरू केलं. गिऱ्हाइकाने अर्ध्या तासाची वेळ निवडायची आणि गाडी त्या अर्ध्या तासात दारात. वेळा पाळल्या जात होत्या. कोट्यवधी डॉलर ओतून गोदामं बांधली, आणि जुलै २००१ मध्ये दिवाळं निघालं.

"जपानात चालतं ते," मी नेट लावून म्हणालो. मीही वाचून ठेवलं होतं. तिथल्या यामातो कंपनीने १९७६ साली घरपोच पार्सलसेवा सुरू केली आणि १९९८ पासून गिऱ्हाइकाला दिवसाचा तुकडा निवडायची सोय दिली.

"आणि २०१७ साली त्यातला दुपारी बारा ते दोन हा तुकडा काढून टाकला," भाचा म्हणाला. "ड्रायव्हरांना जेवायला वेळच मिळत नव्हता."

हे ऐकून जपान्यांबद्दलचा माझा आदर दुणावला. दुपारी माणसाला त्रास देऊ नये, हे पुण्याच्या दुकानदारांनी त्याच्या कितीतरी आधी पाटीवर लिहून ठेवलं होतं.

"मग मुंबईचे डबेवाले?" मी शेवटचं अस्त्र काढलं. "१८९० पासून ठरल्या वेळेला देतात. त्यांना ना ओटीपी, ना ॲप. डब्याच्या झाकणावर रंगाने चार खुणा, बस."

भाचा पहिल्यांदाच थांबला. मग म्हणाला, "कारण त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांना भूक एकाच वेळी लागते, आणि ती सगळी त्या वेळी आपापल्या टेबलाशी असतात. तुमची गिऱ्हाइकं एकाच वेळी एका ठिकाणी कधी असतात?"

"रात्री सात ते दहा. घरी."

"म्हणजे अख्ख्या शहराचं काम तीन तासांत. उरलेला दिवस तुमची पोरं आणि गाड्या काय करणार?"

"जेवतील," मी म्हणालो.

एवढ्यात बेल वाजली. रविवार असूनही एक पोरगा पाठीवर घराएवढं दप्तर घेऊन उभा होता. बायकोच्या नावाचं पार्सल होतं. मी ओटीपी सांगितला, त्याला पाणी दिलं आणि बाजारपेठेची पाहणी म्हणून विचारलं, "काय रे, तू दिवसभर बाहेर. तुझी स्वतःची पार्सलं घेतं कोण?"

"आमची आजी असते की घरी," तो म्हणाला. "माझी घेते, खालच्या मजल्यावरची घेते, समोरच्या चाळीतली पण घेते. सगळे तिचाच पत्ता टाकतात. ज्याला जसं जमेल तसा येऊन घेऊन जातो."

"रात्री उशिरा आलं तरी?"

"उशिरा आलं तर जेवून जा म्हणते."

मी वळून भाच्याकडे पाहिलं. भाडं नाही, पेट्रोल नाही, पगार नाही, वेळेचं बंधन नाही, वर जेवण. शंभर-सव्वाशे पार्सलांचं गोदाम एका खाटेखाली. मामाने अखेर धंदा शोधून काढला होता.

भाच्याने डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला आणि मान हलवली.

"नाही मामा. हे मॉडेल स्केल होत नाही. आजीच शिल्लक नाहीत."

आतून आईचा आवाज आला, "अरे, मी निघाले भजनाला. दार लावून घ्या."