पानं बघायला जाण्याची शास्त्रोक्त पद्धत

बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या मराठी माणसाला ऑक्टोबरात दोन कर्तव्यं असतात: मंडळाच्या दिवाळीची तिकिटं काढणं आणि न्यू हॅम्पशायरला जाऊन पानं बघून येणं. पहिल्याचं मार्गदर्शन मंडळ करतं, दुसऱ्याचं आमचे साडू. त्यांच्या पद्धतीचा अभ्यास करून ही नियमावली सिद्ध केली आहे. रस्ता नमुन्यादाखल कँकामागस हायवेचा धरलाय. लिंकन ते कॉनवे, साधारण ३५ मैल, जवळजवळ सगळा व्हाइट माउंटनच्या सरकारी जंगलातून.

पहिला नियम तारखेचा. रंग ‘पीक’ला कधी येणार याचे नकाशे निघतात. सप्टेंबर लागला की ते रोज दात घासताना बघावेत आणि ब्रश तोंडात ठेवूनच घरच्यांना निकाल सांगावा. रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि माथ्याकडून पायथ्याकडे सरकतो. त्यामुळे वर घाटमाथ्यावर झाडं बोडकी झाली, तरी खाली स्विफ्ट नदीकाठचे मेपल लालभडक असू शकतात. मेपल संपले तरी बीचची तांबूस पानं असतातच. म्हणजे दोन-तीन आठवडे कधीही गेलात तरी काही ना काही पदरात पडतं. पण हे साडूंना सांगू नये. त्यांचं खरं सुख प्रत्येक थांब्यावर उतरून, कमरेवर हात ठेवून, “गेल्या आठवड्यात यायला हवं होतं” असं म्हणण्यात आहे. गेल्या आठवड्यात गेलो असतो तर “अजून आठवडाभर थांबायला हवं होतं” हे वाक्य तयारच होतं.

कोलंबस डेच्या जोडसुट्टीत जाऊ नये. आम्ही तेव्हाच जातो.

दिशेचं म्हणाल, तर बॉस्टनहून लिंकन आधी लागतं म्हणून सगळे तिथूनच घाट चढतात. मग सकाळचं ऊन थेट डोळ्यांत, पुढच्या काचेवरची धूळ स्पष्ट आणि डोंगर काळपट. तेच सकाळी कॉनवेकडून निघालं, की ऊन पाठीशी राहतं आणि समोरचे उतार उजळलेले दिसतात. त्यासाठी आदल्या रात्री कॉनवेच्या बाजूला मुक्काम हवा. त्या दिवसांतले हॉटेलचे दर ऐकून साडू म्हणतात, ऊन काय, डोळ्यांना चांगलंच असतं.

हवा ढगाळ असेल तर निघू नये, असं ते मानतात. इथे मात्र नियमावली बाजूला ठेवून सांगतो: निघा. पाऊस नुकता पडून गेलेला असला तर खोडं भिजून काळी होतात, पानांवरची चकाकी जाते आणि रंग दुप्पट गडद दिसतो. शिवाय गर्दी कमी.

गाडीत शास्त्र सांगावं. हरितद्रव्य ओसरतं तसा पानात आधीपासूनच असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल मात्र झाड त्या सुमारास नव्याने बनवतं, पानातल्या साखरेतून. म्हणून स्वच्छ उन्हाचे दिवस आणि गार, पण हिमाशिवायच्या रात्री लागल्या, की लाली चढते. साडूंचं हे व्याख्यान चालू असताना मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “आपल्याकडे कोशिंबाला चैत्रात अशीच लाल पालवी येते की!” खरं आहे, आणि लालीचं रंगद्रव्यही त्याच घराण्यातलं. साडू म्हणाले, “हो, पण तिथं पार्किंग कुठंय?”

पार्किंगला पाच डॉलर सुटे ठेवावेत. वाटेतल्या सबाडे फॉल्सला ते पाकिटात घालून पेटीत टाकायचे असतात. वीसची नोट असेल तर पंधरा डॉलर जंगलाला दान.

शिदोरी दशम्या आणि लसणीची चटणी. बटाट्याची भाजी सांडते.

‘मूससाठी ब्रेक लावा’ अशा पाट्या लागतात, त्या गंमत समजू नयेत. घोड्याहून उंच जनावर संध्याकाळच्या अंधारात रस्त्यावर उभं असतं आणि ते गाडीला वाट देत नाही.

शेवटचा नियम फोनचा. घाटात बहुतेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे पीकचा नकाशा उघडत नाही. पहिली दहा मिनिटं साडू फोन काचेला लावून बघतात. मग तो खिशात जातो आणि माणूस एकदम बरा वागायला लागतो. लोअर फॉल्सच्या खडकांवर सासूबाईंचा हात धरून त्यांना पाण्यापर्यंत नेतो, स्वतःचं जाकीट पसरून बसवतो, थर्मासमधला चहा आधी त्यांना देतो. तेवढा वेळ गेल्या आठवड्याचं नावही निघत नाही. म्हणून घाटात मुद्दाम रेंगाळावं.

फक्त पेट्रोल लिंकनलाच भरून घ्या. कॉनवेपर्यंत वाटेत एकही पंप नाही.